भोक जरा सैल ठेवायचं

हे चाक बघा, तळहातावर मावेल एवढं, मधे भोक आणि भोकाभोवती उंचवटा. कराडजवळच्या एका कुंभारवाड्यात परवाच केलंय. पण असलीच चाकं हडप्पा, मोहेंजोदडोला खोदताना ढिगानं सापडली, साडेचार हजार वर्षांपूर्वीची. ही खेळण्यातल्या बैलगाडीची चाकं. गाडीची साटी, म्हणजे वरची चौकट, मातीची, चाकं मातीची, पण आस लाकडाचा होता, तो कुजून गेला, म्हणून म्युझियममधे चाकं सुटी पडलेली दिसतात आणि आपण पुढच्या काचेकडं जातो.

इथले कुंभार मामा तशीच गाडी करायला बसले आणि या चाकापाशीच अडकले. चाक फिरलं पायजे, एवढंच त्यांचं म्हणणं. पहिल्या खेपेला बांबूच्या काडीच्या मापानं भोक पाडलं, पण माती वाळताना आक्रसते, भाजून निघाल्यावर काडी आतच जाईना. मग भोक मोठं पाडलं तर गाडी लंगडायला लागली. तिसऱ्या आव्यात जमलं, आणि शहाबादी फरशीवर ती गाडी खडखडत गेली तेव्हा आम्ही त्यांच्या कामाचं शूटिंग सोडून नुसतं बघत बसलो.

बैलांचं मात्र शिकायला लागलं नाही. आपल्याकडं आषाढात बेंदूर, घरोघरी मातीची बैलजोडी पुजतात, त्यामुळं वशिंड कसं काढायचं ते मामांच्या चिमटीतच आहे. म्हणून मला वाटतं ही कामं अशाच हातांनी करावीत, साच्यातनं काढलेल्या बैलाला तो जीव येत नाही.

दायमाबादचा रथ पण करून बघितलाय, १९७४ साली प्रवरेकाठी सापडलेला, मूळचा ब्राँझचा, दोन बैल आणि मागं उभा माणूस. छान झालाय, पण माझा जीव इनामगावच्या देवीवर.

घोड नदीकाठचं हे गाव पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून खोदलं. तिथं एका घराच्या जमिनीखाली मातीची डबी पुरलेली मिळाली, तीन हजार वर्षांहून जुनी, आत बिनडोक्याची देवी, झाकणावर डोकं असलेली दुसरी मूर्ती आणि एक बैल, सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं. देवीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक, मधे काडी घातली की देवी बैलावर बसते.

मामांनी हे पण भाजलं नाही, मुळात नव्हतं ना भाजलेलं. आठ दिवस सावलीत वाळवलं, मग काडी हळूच सरकवली.

"बसली बघा," मामा म्हणाले, आणि हात पुसून डबीचं झाकण करायला घेतलं.