काळी शाई

[माळ्यावरची पत्र्याची पेटी. झाकण उघडतं.]

ठाणे, नौपाडा. दुसरा मजला. पेटीत वर डांबराच्या गोळ्या, त्याखाली आजोबांचं धोतर, त्याखाली कॉमिक्स. एकेक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, पाठीला पुठ्ठा. मालक हात धुऊन, पुसून मगच अंकाला हात लावतो. आम्हालाही धुवायला लावले.

'द वॉकिंग डेड'. लेखक रॉबर्ट कर्कमन. पहिला अंक ऑक्टोबर २००३चा. शेवटचा, १९३वा, जुलै २०१९चा. केंटकीतला पोलीस रिक ग्राइम्स गोळी लागून बेशुद्ध होतो. इस्पितळात डोळे उघडतो, तोवर जगाचा कारभार आटोपलेला. मेलेली माणसं उठून हिंडतायत. इथे ठाणे स्टेशनची सकाळची गर्दी दाखवू, असं आमच्यातल्या एकाने सुचवलं होतं. नाही दाखवली. कामाला निघालेली माणसं आहेत ती.

[पान, अगदी जवळून.]

रंग नाही. रक्तसुद्धा काळं. पहिले सहा अंक टोनी मूरने काढले, पुढचे चार्ली अ‍ॅडलर्डने. अ‍ॅडलर्ड काळोखाचे मोठे डाग टाकतो. डोळे सावलीत बुडतात, आणि समोरचा माणूस आता काय करेल हे आपल्यालाच ताडावं लागतं. २०२०पासून हेच अंक रंगवून पुन्हा निघाले. वाईट नाहीत. पण रक्त लाल झालं की नजर तिथेच अडकते, चेहरा राहून जातो.

[ब्रश. शाईची बाटली. दोन बश्या.]

हे हाताला कळावं म्हणून आमचा हा वाचक, म्हणजे पेटीचा मालक, दर रविवारी एक पान उतरवतो. आधी पेन्सिल, इतकी हलकी की कॅमेऱ्यालाही धड दिसत नाही. मग बारीक टोकाचा ब्रश आणि काळी ड्रॉइंग इंक. चेहऱ्याला तो शेवटपर्यंत शिवत नाही. पहिल्यांदा मागची भिंत, दाराची चौकट, कोटाची बाही, सगळं काळं भरून घेतो; उरलेल्या पांढऱ्यातून चेहरा आपोआप वर येतो. हे बघा, आला. करड्या छटा मूळ अंकांत बहुतेक क्लिफ रॅथबर्नच्या. इथे त्या बशीतल्या पाण्याने पातळ केलेल्या शाईच्या. एक बशी फिकी, एक गडद. शाई आधी वाळली नाही तर सगळं फिसकटतं, आणि पावसाळ्यात ती लवकर वाळत नाही.

[पान उलटताना.]

आता हाताकडे लक्ष द्या. उजवीकडच्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कुणीतरी दचकून वळतं. कशाकडे, ते पान उलटल्याशिवाय दिसत नाही. धक्का उजव्या पानावर ठेवला तर नजर आधीच तिथे पळते. म्हणून तो डावीकडे, पान उलटल्यावर. इतकी साधी युक्ती, आणि अजूनही फसायला होतं.

[कुंपणाची चित्रं, एकामागून एक.]

प्रेतांची पुढे सवय होते. खरी गोष्ट कुंपणाची. आधी तुरुंगाचा आसरा, पुढे अलेक्झांड्रियाची भिंतीआडची वस्ती. खायचं काय, पहारा कुणाचा, गेट कुणासाठी उघडायचं, यावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात. कर्कमनने यात एक पाचर मारून ठेवलीय: कुणी चावलेलं नसलं तरी मेलेला माणूस उठतोच. म्हणजे रोग पहिल्यापासून गेटच्या आतच आहे.

[मोबाइलवरचं चित्रीकरण, मार्च २०२०. रिकामा गोखले रोड.]

हे याच खिडकीतून टिपलेलं. दिवसा दुकानांची शटर खाली, एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपलेलं. खाली सोसायटीचं गेट, साखळी, कुलूप, खुर्चीवर नोंदवही. कोण आत येणार ते कमिटी ठरवत होती. घरकामाच्या मावशींना गेटवरूनच परत पाठवलं. त्या पुन्हा आल्या नाहीत.

[पुन्हा टेबल.]

मालिकेचा शेवट आधी जाहीर केलाच नव्हता. पुढच्या अंकांची खोटी मुखपृष्ठंसुद्धा दुकानदारांकडे गेली होती. आमचा वाचक १९४व्याची वाट बघत राहिला. त्यानंतर त्याने स्वतःचं पान काढायला घेतलं, ते हे. साखळी झाली, कुलूप झालं, नोंदवहीची खुर्ची झाली. गेटबाहेरची जागा अजून कोरी आहे. शाई ओली आहे आणि वाऱ्याने कागद हलतो, म्हणून पंखा बंद. सगळे घामाघूम.