१२५ सह्या आणि खडीचा रस्ता

(दृश्य: भर दुपार. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मधून जाणारा खडीचा रस्ता. लांबून एक गाडी येते, मागे धुळीचा लोट.)

हा रस्ता डांबरी नाही, आणि तो डांबरी होऊ नये म्हणून इथली माणसं भांडतात. आपल्याकडे डांबराचं आश्वासन देऊन माणूस निवडून येतो. इथे त्याच आश्वासनावर पडूही शकतो.

ही अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातली लाउडन काउंटी. स्थापना १७५७ची, म्हणजे अमेरिका हा देश अजून जन्मायचा होता. असे खडीचे रस्ते इथे अडीचशे मैलांहून जास्त शिल्लक आहेत. आजूबाजूला घोड्यांची कुरणं, द्राक्षबागा, लाल रंगाची जुनी कोठारं. वॉशिंग्टनची माणसं शनिवार-रविवारी वाइन प्यायला इकडे येतात आणि परत जाताना म्हणतात, इथेच घर घेतलं तर?

तिथूनच सगळी भानगड सुरू होते.

(दृश्य: त्याच काउंटीचं पूर्वेकडचं टोक. बिनखिडक्यांच्या, करड्या, अवाढव्य इमारती. विजेचे मनोरे. पलीकडे एकसारख्या घरांच्या रांगा.)

हे ॲशबर्न. काउंटी तीच. या इमारतींत माणसं जवळजवळ नाहीत, नुसती यंत्रं आहेत आणि ती थंड ठेवणारे पंखे. जगात डेटा सेंटरं, म्हणजे इंटरनेटवरची माहिती साठवणाऱ्या आणि पाठवणाऱ्या या इमारती, एवढ्या दाटीनं दुसरीकडे कुठे सापडणं मुश्कील. तुम्ही हा व्हिडिओ बघताय तोही कदाचित यातल्याच एखाद्या छपराखालून येत असेल.

१९६० साली या काउंटीत २४,५४९ लोक राहत होते. १९६२ साली शेजारी डलेस विमानतळ सुरू झाला. १९९०च्या जनगणनेत आकडा गेला ८६,१२९ वर. २००० साली १,६९,५९९. २०१० साली ३,१२,३११. २०२० साली ४,२०,९५९. साठ वर्षांत सतरा पट! आणि तरीही जमिनीच्या हिशेबानं बघितलं तर काउंटीचा पश्चिमेकडचा मोठा भाग अजून खेडंच आहे. माणसं पूर्वेला, जमीन पश्चिमेला. या दोघांच्या मधे जो उभा राहतो, त्याला इथे उमेदवार म्हणतात.

(दृश्य: लीसबर्ग, काउंटीचं मुख्य ठाणं. जुनं कोर्ट, समोर हिरवळ, झाडाखाली एक घडीचं टेबल. टेबलावर कागदांची चळत आणि दोरीनं बांधलेलं पेन.)

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि तिचं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स म्हणजे साधारण जिल्हा परिषद. साधारण एवढ्यासाठी, की तुलना फार ताणली तर तुटते. बोर्डावर नऊ जण असतात. आठ आपापल्या प्रभागातून येतात आणि अध्यक्ष सगळ्या काउंटीतून थेट निवडला जातो. मुदत चार वर्षांची. निवडणूक मुद्दाम विषम वर्षी, त्यामुळे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची हवा इथे लागत नाही आणि मतदार घरात बसून राहतो. २०२३ साली निवडणूक झाली, पुढची २०२७ साली.

उभं राहायला काय लागतं? राज्यात वर्षभराचं वास्तव्य, प्रभागात घर, मतदार यादीत नाव. आणि १२५ सह्या. आपल्या प्रभागातल्या नोंदणीकृत मतदारांच्या. बस्स. अपक्षाला अनामत रक्कम नाही. पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, उतरायचं असेल तर त्या पदाच्या वर्षाच्या पगाराच्या दोन टक्के फी भरायची.

ऐकायला सोपं आहे. पण सही करणाऱ्याचा पत्ता प्रभागाबाहेरचा निघाला की ती सही बाद. कागदावर सही घेणाऱ्यानं नोटरीसमोर शपथ घेतलेली नसेल तर अख्खा कागद बाद. म्हणून शहाणा उमेदवार सव्वाशेवर थांबत नाही, दोनशेच्या पुढे जातो. शिवाय मालमत्तेचं विवरण, निवडणूक खर्चाच्या समितीची नोंदणी, जमाखर्चाचे अहवाल. मात्र देणगीवर कमाल मर्यादा नाही. व्हर्जिनियात स्थानिक उमेदवाराला कुणी कितीही पैसे द्यावेत, फक्त ते जाहीर झाले पाहिजेत. ज्या बोर्डाच्या एका मतानं शेताची प्लॉटिंग होऊ शकते, त्या बोर्डाच्या निवडणुकीत हा नियम! यावर आम्ही वेगळं काही बोलत नाही.

(दृश्य: लांबलचक खासगी वाट. टोकाला घर. वाटेवर पाटी: विनापरवाना आत येऊ नये. कुत्र्याचं भुंकणं.)

पूर्वेच्या वसाहतींत तासाभरात पंचवीस-तीस दारं वाजवून होतात. पश्चिमेला तेवढ्याच वेळात चार. घर रस्त्यावरून दिसतच नाही, आधी फाटक, मग वाट, मग कुत्रा, आणि शेवटी माणूस. तो दार उघडतो आणि बोलायला लागतो. रस्त्याला खड्डे पडलेत. ट्रक फार वाढलेत. शेतावरून पाचशे केव्हीची लाइन जाणार म्हणतात. शाळेत अमुक शिकवतात ते पटत नाही.

उमेदवार वहीत सगळं लिहून घेतो. प्रामाणिक असेल तर त्याला सांगावं लागतं, की काका, मी निवडून आलो तरी यातलं काहीच माझ्या हातात येणार नाही.

कारण व्हर्जिनियात १९३२पासून काउंट्यांचे गावरस्ते राज्य सरकार सांभाळतं. दोन काउंट्या सोडल्या तर सगळीकडे हेच, आणि लाउडन त्या दोघांत नाही. विजेच्या मोठ्या लाइनींचा निर्णय राज्याचा आयोग घेतो. शाळांचं बोर्ड वेगळं निवडून येतं. सुपरवायझर त्याला पैसे देतात, आणि स्थानिक करातला सगळ्यात मोठा वाटा तिकडेच जातो, पण वर्गात काय चालावं हे ते ठरवत नाहीत. २०२१ साली इथल्या शाळा मंडळाच्या सभांतला गोंधळ देशभरच्या टीव्हीवर गेला, तेव्हा चिडलेल्या बऱ्याच लोकांना हा फरक मुळी ठाऊकच नव्हता. या सगळ्याच्या वर डिलनचा नियम. एकोणिसाव्या शतकातल्या आयोवाच्या एका न्यायाधीशाच्या नावानं ओळखला जाणारा हा नियम सांगतो, की राज्यानं स्पष्टपणे दिला तेवढाच अधिकार काउंटीला. न दिलेला तिचा नाही.

मग हातात उरतं काय? दोन गोष्टी. घरपट्टीचा दर, आणि जमिनीचा नकाशा.

(दृश्य: भिंतीवर काउंटीचा रंगीत नकाशा. बोट हळूहळू पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतं.)

कुठल्या जमिनीवर काय बांधायचं आणि किती एकरांत किती घरं, हे हा नकाशा ठरवतो. इथे त्याला झोनिंग म्हणतात. आपल्याकडे ज्यानं एन.ए.साठी तलाठ्यापासून कलेक्टर कचेरीपर्यंत खेटे घातलेत, त्याला या शब्दाचं वजन वेगळं समजावून सांगायला नको.

१९९९ची निवडणूक याच नकाशावर लढली गेली. लोकसंख्या दहा वर्षांत दुप्पट होत होती, शाळा पुरत नव्हत्या, सकाळी रस्त्यावर गाड्या तुंबत होत्या. ही बेसुमार वाढ थांबवा म्हणणाऱ्या मतदारांनी एक गट केला, आठ उमेदवारांना पाठिंबा दिला आणि आठही आले. स्कॉट यॉर्क अध्यक्ष झाले आणि पुढे सोळा वर्षं त्या खुर्चीत राहिले, त्यातल्या दोन निवडणुका तर अपक्ष म्हणून जिंकून.

नव्या बोर्डानं २००३ साली पश्चिमेचे नियम बदलले. आधी तीन एकरांत एक घर बांधता येत होतं. तीन एकर म्हणजे एकशेवीस गुंठे. पुण्याच्या कडेला तेवढ्यात अख्खी सोसायटी उभी राहील, पण इथे ती गर्दी धरतात. नवा नियम आला दहा ते पन्नास एकरांत एक घर. पूर्वेची नोकरदार मंडळी खूश. पश्चिमेचा शेतकरी मात्र हादरला. त्याच्याकडे पेन्शन नाही, जमीन हीच त्याची पेन्शन. पोरं शेती करणार नाहीत, म्हातारपणी बिल्डरला तुकडे पाडून विकायची, हा त्याचा हिशेब. एका ठरावानं तो हिशेब पुसला गेला. कोर्टात दाव्यांची रीघ लागली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदारांनी बहुमत फिरवलं आणि वाढीला अनुकूल बोर्ड आलं. मार्च २००५मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ते नियम रद्दच केले. कारण? नियम चुकीचे होते असं न्यायालय म्हणालं नाही. सुनावणीआधी वर्तमानपत्रात छापलेल्या जाहीर नोटिशीत बदलांचं पुरेसं वर्णन नव्हतं, एवढंच. चार वर्षांची चळवळ एका अपुऱ्या जाहिरातीनं आडवी झाली. २००६च्या अखेरीस बोर्डानं पुन्हा नवे, तडजोडीचे नियम केले. पश्चिम आज हिरवी दिसते ती त्यांच्यामुळे.

त्यानंतर पारडं वर-खाली होतच राहिलं. २०११ साली नऊच्या नऊ जागा रिपब्लिकन पक्षाला. २०१५ साली फिलिस रँडल अध्यक्ष झाल्या. व्हर्जिनियात काउंटी बोर्डाच्या अध्यक्षपदी निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. २०१९ साली डेमोक्रॅटिक पक्षाचं बहुमत आलं, त्यात जुली ब्रिस्कमन होत्या. दोन वर्षांपूर्वी सायकल चालवताना शेजारून चाललेल्या राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या ताफ्याला त्यांनी मधलं बोट दाखवलं होतं. फोटो जगभर गेला, नोकरी गेली. मग त्या सुपरवायझरला उभ्या राहिल्या आणि आल्या. त्यांच्या प्रभागातच ट्रम्प यांचा गोल्फ क्लब आहे.

(दृश्य: संध्याकाळ. ब्रँबल्टनच्या वसाहतीत मुलं सायकली फिरवताहेत. एका दाराला झेंडूचं तोरण.)

लाउडनमध्ये आज पाचातला एक माणूस आशियाई वंशाचा आहे, आणि त्यात भारतीय मोठ्या संख्येनं. तेलुगू जास्त, पण मराठी घरंही आहेत. यातल्या कित्येकांची घरपट्टी वर्षाला हजारो डॉलर, मुलं काउंटीच्या शाळेत, दारासमोर डेटा सेंटरची घरघर. आणि मत नाही. मत फक्त नागरिकाला. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्याच्या दारावर उमेदवार टकटक करतो, हसतो, आणि यादीत नाव नाही म्हटल्यावर पुढच्या दाराकडे वळतो.

ज्यांना मत आहे त्यांची गंमत वेगळी. मुंबईच्या लोकलमध्ये जो शेवटी चढतो तोच दारात उभा राहून म्हणतो, जागा नाही, पुढची पकडा. इथेही काल घर घेतलेला माणूस आज जनसुनावणीत माइकसमोर उभा राहून सांगतो, की आता आणखी घरं नकोत. तो खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच ते शेत आवडलेलं असतं, जे त्याच्या खिडकीतून दिसायचं.

डेटा सेंटरांचं दुखणं याहून अवघड. २०२५ साली घरपट्टीचा दर होता शंभर डॉलरच्या मूल्यावर ०.८०५ डॉलर, दहा वर्षांपूर्वी तो १.१० डॉलरच्या वर होता. फरक भरून काढला डेटा सेंटरांतल्या यंत्रांनी. त्या यंत्रांवर शंभराला ४.१५ डॉलर कर आहे. म्हणजे ज्या इमारतीविरुद्ध मतदार ओरडतो, तीच त्याची घरपट्टी भरते. अशा ठिकाणी उमेदवारानं भाषणात काय बोलावं? हिंजवडीच्या माणसाला यातलं थोडंफार कळेल; तिथे आयटी पार्क जगाचं आणि कारभार ग्रामपंचायतीचा.

मार्च २०२५मध्ये बोर्डानं एक पाऊल उचललं. तोवर ठराविक पट्ट्यांत डेटा सेंटर थेट हक्कानं बांधता यायचं, सुनावणीचा प्रश्नच नव्हता. तो हक्क काढला. आता प्रत्येक नवा प्रस्ताव बोर्डासमोर मतदानाला येतो, आणि सुपरवायझरला हात वर करून आपण कुणाच्या बाजूचे ते दाखवावं लागतं.

(दृश्य: नोव्हेंबर, पहाटे सहा. शाळेच्या दाराबाहेर रांग. जरा लांब, थंडीत कुडकुडणारे कार्यकर्ते, हातात कागद.)

मतदान सकाळी सहा ते संध्याकाळी सात. दारापासून चाळीस फुटांच्या आत प्रचार बंद, म्हणून हे कार्यकर्ते तिथे उभे. हातात नमुना मतपत्रिका. २०२३ साली इथल्या मतपत्रिकेवर स्थानिक उमेदवाराच्या नावापुढे ना चिन्ह होतं ना पक्षाचं नाव. कमळ नाही, घड्याळ नाही, तिथल्या दोन पक्षांचे हत्ती-गाढवही नाहीत. बोर्डाच्या अध्यक्षाची निवडणूक डोक्यात ठेवून आलेला मतदार खाली सुपरवायझरच्या जागेपर्यंत पोचतो आणि दोन अनोळखी नावांकडे बघत बसतो. थंडीत मिळालेला तो कागद त्या क्षणी खिशातून बाहेर निघतो.

त्या वर्षी काउंटीच्या सरकारी वकिलाची जागा लाखाहून जास्त मतांतून सुमारे तीनशेच्या फरकानं फिरली. व्हर्जिनियात त्याहून चुरस झालेली आहे. २०१७ साली विधानसभेच्या एका जागेवर दोघांना ११,६०८-११,६०८ मतं पडली. मग मातीच्या भांड्यातून चिठ्ठी काढून निकाल लावला. आपल्या ग्रामपंचायतीत लहान मुलाच्या हातून काढतात, तशीच.

(दृश्य: जानेवारी. लीसबर्गच्या काउंटी कचेरीतली एक खोली. टेबलावर फायली, भिंतीवर तोच रंगीत नकाशा. फोन वाजतो.)

एक जानेवारीला मुदत सुरू होते. नवा सुपरवायझर खुर्चीत बसतो आणि फोन घेतो. पलीकडून पश्चिमेचा एक आवाज. अभिनंदन करतो, आणि विचारतो, खडी धुऊन गेलीय, चर पडलेत, माणूस कधी पाठवताय?

सुपरवायझर खण उघडतो, राज्याच्या रस्तेखात्याचा नंबर शोधतो आणि सावकाश, एकेक आकडा वाचून दाखवतो.