फडक्यांचं बंड आणि दौलतराव नाईक

मित्रहो, वासुदेव बळवंत फडके म्हटलं की आपल्याला आधी आठवते ती रजेची गोष्ट. शिरढोणला आई आजारी, पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून असलेला मुलगा रजा मागतोय, रजा वेळेवर मिळत नाही आणि तो घरी पोचतो तेव्हा आई गेलेली असते. गोष्ट जिव्हारी लागणारी आहे. पण त्यानंतरही फडक्यांनी कित्येक वर्षं तीच नोकरी केली. न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्यानं ऐकली, स्वदेशीचं व्रत घेतलं, वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर शाळा काढली, लहुजी वस्तादांच्या तालमीत घाम गाळला. बंड उभं राहिलं ते दुष्काळानंतर.

१८७६ साली पाऊस दगा देऊन गेला. दख्खनमध्ये माणसं खडी फोडायला सरकारी कामांवर गेली. तिथे मजुरी किती द्यायची हे सर रिचर्ड टेंपलनं ठरवलं: दिवसभर राबणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि वर एक आणा. पुणे सार्वजनिक सभेनं याविरुद्ध आवाज उठवला. हाच टेंपल १८७७ साली मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला. फडके त्या काळात गावोगाव हिंडले, ओस पडलेली घरं त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पुढे सरकारनं त्यांच्या डोक्यावर इनाम लावलं, तेव्हा त्यांनी उलट टेंपलच्या डोक्यावर इनाम जाहीर केलं. त्यांच्या जाहीरनाम्यात गोरगरिबांना काम द्या, कर कमी करा, बड्या गोऱ्या अंमलदारांचे पगार उतरवा, अशा मागण्या होत्या. सरकारचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे हिशेब खात्यातल्या माणसाला नेमकं ठाऊक होतं!

शिकलेल्या मंडळींनी पाठ फिरवली. फडक्यांच्या हाकेला ओ दिली ती रामोश्यांनी, कोळ्यांनी, धनगरांनी. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर पहिला दरोडा पडला. हाती लागली ती रक्कम फौज उभी करायला अगदीच किरकोळ होती. मग पुणे जिल्ह्यात आणि आसपास एकामागून एक गावांवर दरोडे पडले.

आता मला जे मुद्दाम सांगायचंय ते इथे आहे. फडक्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की साथीदारांचं लक्ष लुटीकडे फार. त्यांची निराशा मी समजू शकतो. पण त्या माणसांच्या बाजूनं बघा ना. गडांची, गावांची राखण हा रामोश्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा हक्क, तो कंपनी सरकारनं काढून घेतला. त्यावरून उमाजी नाईक उठले आणि १८३२ साली पुण्यात फासावर गेले. फडक्यांच्या कितीतरी आधी या लोकांनी बंड केलं होतं, किंमतही मोजली होती. वर दोन वर्षांचा दुष्काळ. घरात दाणा नसलेला माणूस आधी पोराबाळांकडे बघणारच. त्यात कमीपणा कसला?

आणि फडक्यांचे रामोशी साथीदार दौलतराव नाईक! फडके श्रीशैलला मल्लिकार्जुनाच्या पायाशी गेले असताना लढा या माणसानं चालू ठेवला. मे १८७९ मध्ये घाट उतरून त्यानं थेट पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखलीवर छापा घातला, म्हणजे फडक्यांच्या शिरढोणच्याच मुलखात. मोठी लूट घेऊन परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीनं गाठलं आणि दौलतराव गोळीला बळी पडले. बंडाचा उजवा हातच गेला.

फडक्यांनी मग निजामाच्या मुलखात रोहिल्यांची, म्हणजे पठाणी लढवय्यांची, जमवाजमव करून पाहिली. पण जुलैमध्ये विजापूरकडच्या देवर नावदगीला ते झोपेत असतानाच पकडले गेले. खटल्यात वकीलपत्र घ्यायला सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, पुढे आले. त्या दिवसांत हे छातीचं काम होतं. फडक्यांची रोजनिशी आणि आत्मचरित्र हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरला. जन्मठेप झाली, एडनला रवानगी झाली. तिथून कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून ते पळाले, पुन्हा सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारले. वय सदतीस.

दर फेब्रुवारीत आपण त्यांच्या प्रतिमेला हार घालतो, तो घातलाच पाहिजे. माझी विनंती एवढीच, की त्या कार्यक्रमात दौलतराव नाईकांवरही कुणीतरी बोलावं, आणि बोलायला पुरंदरच्या एखाद्या रामोशी वस्तीतल्या माणसाला सन्मानानं बोलवावं.