तोंड किती वेळा गोड करता?

नमस्कार मंडळी. सकाळी ब्रश करून बेसिनमध्ये थुंकलं की गुलाबी दिसतं, असं होतं का तुमच्यापैकी कुणाचं? माझं होत होतं, दोनेक महिने तरी, आणि मी शहाण्याने काय केलं तर त्या बाजूला ब्रश लावायचंच सोडून दिलं. म्हणजे आणखी वाट लावून घेतली, कारण हे रक्त बहुतेक वेळा दातांच्या मुळाशी साचलेल्या थरामुळे येतं आणि तो थर ब्रशनेच जाणार ना.

शेवटी लालबागच्या आमच्या गल्लीतल्या डेंटिस्टबाईंकडे गेलो. पहिलाच प्रश्न, दिवसातून किती वेळा तोंड गोड करता? म्हटलं छे, मिठाईला मी हात लावत नाही. तर म्हणाल्या, आणि चहा? आता ऑफिस फोर्टला, सहा कटिंग तर होतातच, प्रत्येकाबरोबर दोन ग्लुकोज बिस्किटं. सापडलो! साखर तोंडात गेली की जंतू तिचं ॲसिड करतात, ते दाताच्या इनॅमलमधलं, म्हणजे वरच्या कडक थरातलं, कॅल्शियम ओढून काढतं, मग लाळ ते ॲसिड हळूहळू मारते आणि त्यात अर्धा तास तरी जातो. सहा वेळा म्हणजे तीन तास, शिवाय बिस्किटाचा लगदा दाढेच्या खाचेत चिकटून बसतो तो वेगळाच. त्यापेक्षा जेवणातच श्रीखंड खाऊन मोकळं व्हा, दिवसभर चरत राहणं वाईट.

हिरड्यांना हवं व्हिटॅमिन सी, त्याशिवाय शरीरात कोलॅजन, म्हणजे शरीराला बांधून ठेवणारं प्रथिन, नीट बनत नाही, आणि हिरडी उभी असते ती त्याच्याच जिवावर. पूर्वी लांबच्या सफरीवर हे सी मिळत नसे, म्हणून खलाशांच्या हिरड्या सुजून सडायच्या, दात हलायचे. 1747 साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश आरमारी डॉक्टरने 12 आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून बघितले, त्यात संत्री-लिंबू मिळालेले दोघं सगळ्यांत आधी सुधारले. आपल्याला कुठे सफरीवर जायचंय, दादर स्टेशनबाहेर पेरू मिळतो की तिखटमीठ लावून! 100 ग्रॅम पेरूत 200 मिलीग्रॅमच्या आसपास सी असतं, मोठ्या माणसाची दिवसाची गरज 65 ते 80. पण पेरू खाल्ला म्हणून दातांवरचा थर जात नाही हां, ब्रश करावाच लागतो.

कॅल्शियमसाठी दूध-दही आहेच, नाचणीची भाकरी आहे, आणि आमच्याकडे मांदेली, कुरकुरीत तळून काट्यासकट. आजी मात्र मशेरी लावायची, हिरड्या घट्ट होतात म्हणायची. भाजलेला तंबाखू तो, हिरड्यांची वाटच लावतो, पण तिला सांगणार कोण?

आता बिस्किटं बंद, चहा दोनच, तोही नाश्ता-जेवणाला लागून. गेल्या आठवड्यात बाईंनी हिरड्या साफ करून दिल्या, रक्त थांबलंय. मागची एक दाढ मात्र आधीच किडलेली निघाली, बुधवारी भरायला बोलावलंय.