दाढेतली ‘चांदी’ : काढायची कधी आणि कशी

पुण्यात व्याख्यान वेळेवर सुरू होतं आणि वेळेवर संपवलंही जातं, त्यामुळे लगेच विषयाला हात घालतो. पण आधी ‘चांदी’ या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे, ते उरकून घेऊ द्या.

‘दाढेत चांदी भरली’ असं आपण सर्रास म्हणतो. त्या मिश्रणात वजनाने जवळजवळ निम्मा असतो पारा. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील, तांबं, कधी किंचित जस्त. म्हणजे कसब्यातल्या तांबट आळीचा माल तुमच्या दाढेत, आणि नाव एकट्या चांदीचं! हसताय, पण यातून दोन टोकं निघतात. चांदी ऐकली की ‘एवढी किमती, कशाला काढायची?’ आणि पारा ऐकला की ‘विष! आजच्या आज काढा.’

घट्ट झालेल्या मिश्रणात पारा बाकीच्या धातूंशी बांधला गेलेला असतो. चावताना वाफ सुटते, पण फारच थोडी. खरी सुटते ती बर, म्हणजे दात कोरायच्या यंत्राचं टोक, फिरवताना. म्हणजे भीतीपोटी धडधाकट चांदी उपटणारा माणूस एकाच बैठकीत जास्त वाफ ओढतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, 2020 साली गरोदर स्त्रिया, 6 वर्षांखालची मुलं अशांमध्ये नवी चांदी टाळा म्हटलं. त्याच वेळी, शाबूत असलेली जुनी विनाकारण काढू नका, असंही म्हटलं. युरोपीय संघात 1 जानेवारी 2025पासून नवी चांदी, वैद्यकीय गरजेचा अपवाद सोडून, बंद झाली. ती मुख्यतः पर्यावरणात जाणाऱ्या पाऱ्यामुळे. तोंडातली काढून टाका असा तो हुकूम नव्हे.

आता ‘काळी पडली’ ही तक्रार. देवघरातलं निरांजन काळं पडतं, तेव्हा आपण ते फेकत नाही ना? वरचा थर गंधकाच्या संयोगाने काळवंडतो. शिवाय गंजातून तयार होणारा थर दात आणि चांदी यांच्यातली सूक्ष्म फट बुजवतो. चांदीच्या जागी भरतात ते दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग, म्हणजे कंपोझिट, त्याला हे जमत नाही. त्याची सगळी भिस्त चिकटण्यावर.

ही चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, घाईत सांगतो.

काढायची केव्हा? कडेला नवी कीड असेल, चांदी किंवा दात तडकला असेल, दोन दातांमध्ये रोज अन्न अडकत असेल तेव्हा. नुसती कड थोडी खडबडीत असेल तर घासून किंवा तेवढाच भाग दुरुस्त करून भागतं. दर बदलात खड्डा थोडा मोठाच होतो.

काढताना रबर डॅम (दाताभोवती ताणलेला रबरी पडदा), जोरदार सक्शन, भरपूर पाणी आणि नवा कार्बाइड बर. सगळी चांदी दळायची नाही. मधून चिरून तुकडे सुटे करायचे. वाफ आणि भुकटी दोन्ही कमी.

मग कंपोझिट भरताना एनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर, 37 टक्के फॉस्फोरिक आम्ल 15 ते 30 सेकंद, आतल्या डेंटीनवर 15पेक्षा जास्त नाही. धुवायचं, पण डेंटीन ठणठणीत कोरडं करायचं नाही. मग बॉन्डिंग, म्हणजे चिकटवणारं द्रव. नेहमीचं कंपोझिट 2 मिलिमीटरच्या थरांत, प्रत्येक थराला तो घट्ट करणारा दिवा. एकदम ठासलं तर तळ कच्चा राहतो आणि आकसताना कड सुटते. थुंकीचा थेंब लागला तर पुन्हा पहिल्यापासून. दोन दातांमधल्या बाजूला मॅट्रिक्स (दाताभोवतीची पातळ पट्टी) आणि वेज (फटीतली पाचर) हवेतच, नाहीतर नवीन फिलिंगमध्येही पोह्यातली मोहरी अडकेल. खड्डा फार रुंद आणि भिंती पातळ असतील तर कंपोझिटचा हट्ट सोडा, ऑनले (दाताच्या वरच्या भागावर बसणारं तयार आच्छादन) किंवा कॅप करा.

आणि लवंगतेल! दाढेत बोळा ठेवून आला असाल तर डॉक्टरांना सांगा. त्यातलं युजेनॉल कंपोझिटमधलं रेझिन नीट घट्ट होऊ देत नाही.

कंपोझिट दिव्याखालीच घट्ट होतं, पण बधिरपणा दोन-तीन तास राहतो. तेवढा वेळ बाकरवडी नको, गाल चावाल. थंड-गरम काही दिवस झोंबेल. चावताना एकाच जागी टोचलं तर फिलिंग उंच राहिलंय. निळा कागद चाववून घासून घ्या.

घंटा ऐकली, शेवटचं. काढलेले तुकडे ‘चांदी’ म्हणून घरी मागू नका आणि सोनाराकडे तर मुळीच नेऊ नका. तापवले की पाऱ्याची वाफ थेट त्याच्या नाकात. ते दवाखान्यातल्या झाकणबंद बरणीतच राहू द्या.