हिमाचलात बर्फ, मराठवाड्यात गारा

श्रोतेहो, नमस्कार.

होळी पेटली की थंडी पळाली, असे आपल्याकडे म्हणतात आणि दुपारच्या उन्हाचा चटका बसू लागला की ते पटतेही. पण याच दिवसांत लाहौल-स्पितीत आणि काश्मीरच्या उंच भागांत बर्फ पडत असतो, तर मराठवाड्यात हाताशी आलेल्या गव्हावर गारा कोसळतात. ऊन, बर्फ आणि गारा यांच्या बातम्या आपण वेगवेगळ्या ऐकतो. पुष्कळदा मात्र त्यांचे धागे एकाच वाऱ्यात गुंतलेले असतात.

भूमध्य समुद्राच्या परिसरातून निघालेले पश्चिमी झंझावात उंचावरच्या वेगवान वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून हिमालयापर्यंत येतात. तिथे ओलसर हवा डोंगरउतारांवरून वर चढते. उंचीबरोबर तापमान किलोमीटरमागे सरासरी साडेसहा अंशांनी उतरत असल्याने, पायथ्याच्या गावात जो पाऊस असतो तोच वरच्या खिंडीत हिम होऊन पडतो.

हा झंझावात कधी कधी दक्षिणेकडे बराच खाली झुकतो आणि त्याच्याबरोबर उंचावरची थंड हवा मध्य भारतावर येते. खाली जमीन तापलेली असते. बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून बाष्प येत असते. विदर्भापासून मराठवाडा आणि कर्नाटकाच्या अंतर्भागातून दक्षिणेकडे जाणाऱ्या एका पट्ट्यात भिन्न दिशांचे वारे समोरासमोर येतात. हवामानाच्या अंदाजात आपण ‘वारा खंडितता’ हे शब्द ऐकतो, ते याच पट्ट्याविषयी. तिथे हवेला वर उसळण्यावाचून वाट राहत नाही आणि दुपारी कापसासारखा दिसणारा ढग संध्याकाळपर्यंत बारा किलोमीटरच्याही वर जातो.

अशा ढगात शून्याच्या खाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. ते बर्फाच्या कणाला चिकटून गोठतात, वर जाणारा झोत त्या कणाला तोलून धरतो आणि गार वाढत जाते. अंगणात पडलेली मोठी गार मधोमध कापून पाहा: कांद्यासारखे पापुद्रे दिसतील, एक दुधाळ, एक नितळ. दुधाळ थरात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. मे महिन्यात गोठणबिंदूची पातळी आणखी वर सरकते, पुष्कळ गारा वाटेतच विरघळतात आणि आपल्याला मिळतो तो टपोऱ्या थेंबांचा वळीव.

2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारपीट होत राहिली. गहू, हरभरा, कांदा, द्राक्षे, सारे झोडपले गेले. वर्षाची मेहनत घटकाभरात मातीत मिसळलेली पाहणे किती जड असते, हे शेतकरी श्रोत्यांना मी सांगायला नको.

म्हणून काढणीच्या दिवसांत हवामान खात्याचा इशारा रोज ऐका आणि मळणीचा माल झाकायला ताडपत्री हाताशी ठेवा. गडगडाट कानी आला, म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. झाडाचा आडोसा न घेता पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा.