मिनिटाला शंभर मीटर

(दृश्य: शिकागो. मिशिगन अव्हेन्यूच्या पुलाखालचा धक्का. बोटीच्या वरच्या डेकवर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा.)

शिकागोत नदी रस्त्याच्या पातळीपेक्षा एक मजला खालून वाहते. फुटपाथवरून चालताना इमारतीचा दरवाजा, फार तर पहिले चार मजले दिसतात. पाण्यात उतरलं की समोर मोकळी जागा मिळते आणि तीच इमारत पायापासून कळसापर्यंत नजरेत मावते. इमारती दाखवणाऱ्या बोटींचा इथला सगळा धंदा या एका सोयीवर उभा आहे.

तिकिटावर ९० मिनिटं लिहिलेली असतात. ती भरायला या शहरात इमारती कमी नाहीत. निवेदन लिहिणाऱ्याची अडचण गाळण्याची आहे.

(दृश्य: टेबलावर नदीचा नकाशा. दोऱ्यानं मोजणारे हात.)

आधी अंतर मोजायचं, मजकूर नंतर. नदीचा आकार आडव्या पाडलेल्या वाय अक्षरासारखा आहे. मिशिगन सरोवराकडून येणारा मुख्य प्रवाह, उत्तरेचा फाटा आणि दक्षिणेचा फाटा, तिन्ही वुल्फ पॉइंटला मिळतात. मिशिगन अव्हेन्यूहून निघून उत्तरेला शिकागो अव्हेन्यू, दक्षिणेला रूझवेल्ट रोड, पूर्वेला सरोवराच्या तोंडाशी असलेलं लॉक (बोटींसाठी पाणी अडवणारे दरवाजे), अशी सगळी टोकं गाठून परतायचं तर साधारण अकरा किलोमीटर होतात.

बघण्याच्या फेरीत बोट तासाला सहा किलोमीटर वेगानं नेणं बरं. म्हणजे मिनिटाला शंभर मीटर. अकरा किलोमीटरला ११० मिनिटं. वर तीनदा बोट वळवायची, दर वेळी दोन मिनिटं. हिशेब तिथंच फसतो. वेग वाढवला तर आकडा जमतो, पण लाटा उठतात, कडेच्या कयाकवाल्यांना त्रास होतो आणि निवेदन इमारतींच्या मागे धावायला लागतं.

म्हणून टोकं कापायची. उत्तरेला ईरी स्ट्रीटजवळून मागे फिरायचं, दक्षिणेला हॅरिसन स्ट्रीटपाशी, पूर्वेला लेक शोअर ड्राइव्हच्या पुलाअलीकडे. उरतात जेमतेम आठ किलोमीटर. ८० मिनिटं प्रवास, सहा मिनिटं वळणांची, चार मिनिटं हातात. ही चार मिनिटं कुठल्याही इमारतीला द्यायची नाहीत. वुल्फ पॉइंटला तिन्ही बाजूंनी बोटी येतात, कोपऱ्यापलीकडचं दिसत नाही, कॅप्टन रेडिओवर पुकारा करून थांबतो. ती चार मिनिटं तिथं जातात.

(दृश्य: वॉबॅश, स्टेट, डिअरबॉर्न, क्लार्क, लासाल, वेल्स, एकामागून एक पूल.)

मुख्य प्रवाहावर स्टेट स्ट्रीटपासून पुढचे पूल साधारण सव्वाशे मीटरच्या अंतरानं येतात. म्हणजे दोन पुलांमध्ये सव्वा मिनिट. त्यातली वीस सेकंद पुलाखाली जातात आणि तिथं बोलून काही उपयोग नसतो. डोक्यावर लोखंडी जाळीचा रस्ता असतो, गाड्यांची चाकं त्यावर घोंगावतात. वेल्स आणि लेक स्ट्रीटच्या पुलांवरून तर वरच्या मजल्यानं लोकल ट्रेन जाते. राहिलं पाऊण मिनिटाच्या वर थोडं. सावकाश, ऐकू येईल असं मराठी बोलायचं तर त्यात शंभर शब्द बसतात. नवखा निवेदक दोनशे लिहून आणतो, मग तिसऱ्या पुलापाशी तो मागच्या इमारतीबद्दल बोलत असतो आणि माना मागे वळलेल्या असतात.

पुलाच्या जाळीबद्दल आणखी एक. २००४ साली किंझी स्ट्रीटच्या पुलावरून जाणाऱ्या एका बसनं आपली मैल्याची टाकी त्या जाळीतून खाली मोकळी केली. खाली उघड्या डेकची बोट होती, इमारती बघणाऱ्यांनी भरलेली. हा किस्सा शहरात प्रत्येकाला माहीत आहे, सांगायचा तर किंझीचा पूल ओलांडून झाल्यावर सांगावा.

(दृश्य: पूल उघडतो आहे. शिडांच्या होड्या रांगेत.)

हे पूल उघडतात, हे मात्र सांगायलाच हवं. कोकणात विहिरीवर लाकडी लाट असते, मागच्या टोकाला दगड बांधलेला, त्यामुळे भरलेला पोहरा एका हातानं वर येतो. तत्त्व तेच. पुलाच्या मागच्या टोकाला, काठाच्या पोटात, मोठं वजन लपवलेलं असतं, म्हणून मोटर लहान चालते. या पद्धतीचा शिकागोतला पहिला पूल कॉर्टलंड स्ट्रीटचा, १९०२ चा. मिशिगन अव्हेन्यूचा दुमजली पूल १९२० चा. वसंतात होड्या सरोवरात जातात, शरदात परततात, तेव्हा बहुधा बुधवारी आणि शनिवारी सकाळी पूल ओळीनं उघडतात. त्या दिवसांच्या पहिल्या फेरीची वेळ आधी तपासावी.

आता इमारती. इमारत शेजारी आल्यावर तिची ओळख करून देणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. दोनशे मीटर उंचीचा माथा शंभर मीटरवरून बघायचा तर मान ६३ अंश वर करावी लागते, तीनशे मीटरवरून ३४ अंश पुरतात. म्हणून नाव, साल, एकूण आकार हे सगळं इमारत समोर लांब असताना. शेजारी आल्यावर फक्त हाताला लागेल असं: दगड, काच, खिडकीची चौकट.

रिगली बिल्डिंगचं उदाहरण घ्या. १९२१ आणि १९२४ अशा दोन टप्प्यांत झालेली, बाहेरून चकाकत्या टेराकोटाची, म्हणजे भाजलेल्या मातीच्या फरशांची. टेराकोटाच्या सहा छटा वापरल्या आहेत: तळाशी किंचित करडी, वर जाईल तशी पांढरी. हे लांबूनच कळतं, जवळून सगळंच पांढरं दिसतं. शेजारच्या ट्रिब्यून टॉवरचं उलट. १९२५ च्या या गॉथिक मनोऱ्याच्या भिंतीत जगभरच्या वास्तूंचे तुकडे बसवले आहेत, त्यात ताजमहालाचाही एक आहे. मराठी पाहुणे तो शोधायला लागतात. तो रस्त्याच्या पातळीवर आहे, बोटीतून दिसत नाही. फेरी संपल्यावर चालत जाऊन बघा, एवढं सांगून पुढे सरकावं.

मरीना सिटीला शब्दच कमी लागतात. बर्ट्रांड गोल्डबर्गचे ६५ मजल्यांचे दोन जुळे मनोरे, शहराच्या तोंडी 'मक्याची कणसं'. खालचे १९ मजले उघडा वाहनतळ, गाड्या अगदी कडेला. हे लोक स्वतःच बोटानं दाखवतात, निवेदकानं तेव्हा गप्प बसावं.

(दृश्य: वुल्फ पॉइंटवरून १५० नॉर्थ रिव्हरसाइड.)

जास्तीत जास्त वेळ द्यावा तो इथं. ही ५४ मजली इमारत २०१७ ची. जागा अशी की एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ. पाय ठेवायला जागाच नाही. म्हणून सगळा भार मधल्या अरुंद काँक्रीटच्या गाभ्यावर घेतला आणि वरचे मजले दोन्ही बाजूंना तिरपे बाहेर काढले. पेन्सिल टोकावर उभी करावी तशी. वाऱ्यानं झोका बसू नये म्हणून माथ्यावर पाण्याच्या १२ टाक्या आहेत: इमारत एका बाजूला कलली की आतलं पाणी उशिरा, उलट लयीत हेलावतं आणि झोका मोडतं. समोरच्या काठाला ३३३ वेस्ट वॅकर, १९८३ ची, नदीच्या वळणाबरोबर वळलेली हिरवी काच. तिचं तोंड वायव्येला आहे, त्यामुळे संध्याकाळच्या फेरीत ती उजळते आणि सकाळच्या फेरीत काळवंडलेली असते. दोन फेऱ्यांचा मजकूर इथं वेगळा लिहावा लागतो.

दक्षिण फाट्यावर विलिस टॉवर, १९७३, ४४२ मीटर. नदीपासून जरा आत आहे, म्हणून इमारतींच्या फटीतून तुकड्या-तुकड्यानं दिसतो. अभियंता फजलुर रहमान खान, जन्म ढाक्याचा. त्यांनी नऊ चौकोनी नळ्या, प्रत्येक ७५ फूट रुंद, एकत्र बांधल्या आणि त्या वेगवेगळ्या उंचीवर थांबवल्या. उसाची मोळी बांधतात तसं: एकटा ऊस वाकतो, मोळी वाकत नाही. ॲडम्स स्ट्रीटच्या आधीच हे सांगून ठेवायचं, फट आली की फक्त "आता" म्हणायचं.

परतीची वाट तीच असते. जाताना एक काठ, येताना दुसरा, असं वाटून घेतलं तर कुणालाच पुन्हा तेच ऐकावं लागत नाही. निवेदक प्रवाशांकडे तोंड करून उभा असतो, त्याचा उजवा हात म्हणजे त्यांचा डावा. मजकुराच्या कागदावर सगळीकडे प्रवाशांचा हात लिहावा. पुढच्या आणि मागच्या रांगेत पंचवीस मीटर अंतर असेल तर मागच्यांना तीच गोष्ट पंधरा सेकंद उशिरा दिसते, म्हणून दाखवण्याचं वाक्य मधल्या रांगेच्या हिशेबानं टाकावं. आवाजासाठी एक मोठा स्पीकर नको: मागे ऐकू जाईपर्यंत पुढचे बहिरे होतात आणि काठावरचे रहिवासी तक्रार करतात. छोटे सहा-आठ, रांगांमध्ये विखुरलेले. माइकला वाऱ्याचं फोमचं टोपण.

(दृश्य: क्लार्क आणि लासाल यांच्या मधला दक्षिण काठ. पाटी.)

२४ जुलै १९१५. ईस्टलँड नावाची बोट इथं धक्क्याला बांधलेली असतानाच कलंडली. वर अडीच हजारांहून जास्त माणसं होती. ८४४ गेली. बोट मुळात वरून जड, त्यात वर आणखी जीवरक्षक होड्या चढवलेल्या.

आज माणसांचा आकडा तटरक्षक दल प्रमाणपत्रावर ठरवून देतं. लहान प्रवासी बोटीसाठी मोजमापं तीन: माणशी १० चौरस फूट डेक, किंवा कठड्याची ३० इंच लांबी, किंवा पक्क्या बाकाची १८ इंच रुंदी. तोल तपासताना माणसाचं वजन १८५ पौंड, म्हणजे ८४ किलो धरतात. निवेदकासाठी यातला एकच नियम: "सगळ्यांनी इकडे या" असं कधीही म्हणू नये. इमारत दाखवायची ती बसल्या जागेवरून. पुलांखाली तर उठूच द्यायचं नाही, पाणी नेहमीच्या पातळीला असतानाही बऱ्याच ठिकाणी पाच मीटरच जागा असते.

आणि पातळी बदलते. १९०० मध्ये कालवा काढून ही नदी उलटी फिरवली, सरोवराचं पाणी आता नदीत येतं. मुसळधार पाऊस पडला की पाणी चढतं. मे २०२० मध्ये काठावरचा पादचारी मार्ग बुडाला, विलिस टॉवरच्या तळघरात पाणी शिरून वीज गेली. अशा वेळी बोट पुलाखालून जाईल की नाही हे कॅप्टन ठरवतो. दक्षिण फाटा बंद झाला तर वाचायला दुसरा मजकूर तयार हवा, नाहीतर अर्धा तास पार्किंगच्या भावावर गप्पा होतात.

मराठी गटासाठी नेहमीच्या फेरीत दुसरा निवेदक बोलू शकत नाही. पूर्ण बोट भाड्यानं घ्यावी, किंवा कानात घालायचे वायरलेस संच आणावेत. सोबत आई-वडील असतील तर दुपारी दोनची फेरी टाळावी, वरच्या डेकवर सावली नसते.

(दृश्य: रिकामी बोट. निवेदक, हातात स्टॉपवॉच आणि कागद.)

शेवटची तालीम प्रवाशांशिवाय, प्रत्यक्ष पाण्यावर. कागदाच्या डाव्या समासात पुलाचं नाव, उजव्या समासात मिनिट. जिथं वाक्य पुलाखाली अडकलं तिथं लाल रेघ. पहिल्या तालमीत अशा रेघा पानभर निघतात. वेल्स स्ट्रीटखालून बोट बाहेर येते, वरची ट्रेन निघून जाते, निवेदक माइक तोंडाशी नेतो.